आधी मनगट

त्या मंगळवारी मी सेरंगूनला, इथल्या भारतीय बाजारात कढीपत्ता निवडत होते. फोन आला, सर वर्गात कोसळले. सर म्हणजे माझे यजमान. वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवायचे. सार्सच्या साथीचे मास्क उतरून वर्षही झालं नव्हतं.

देह त्यांनी आधीच कॉलेजला देऊन ठेवला होता. निरोपाला एकदा या, असं कॉलेजने मला कळवलंय. माझं ठरत नाही. डिसेक्शन हॉलमधली माणसं मात्र भेटायला येतात. दाराबाहेर चपला साचतात, घरात किस्से.

एका प्राचीन ग्रीक वैद्यावर यांचा फार जीव. तो पाणघड्याळ लावून नाडी मोजायचा आणि ऐकीव गोष्टींवर न विसंबता माणसाचं शरीर उघडून बघायचा. म्हणून यांचा नियम : सुरी लावण्याआधी त्या देहाचं मनगट धरायचं.

"सर, हे तर गेलेत, लाह," एक मुलगा इथल्या लकबीत म्हणाला.

"ते त्यांना तुझ्याआधी कळलंय. धर."

मेलिंग नावाच्या मुलीने धरलं आणि पांढरीफटक पडली. "सर, ठोके लागतायत."

"अंगठा काढ. अंगठ्यात आपलीच नाडी असते. तीन बोटं ठेव."

"आता थांबले."

वर्ग हसला. हे म्हणाले, "थांबले नाहीत. तुला परत मिळाले."

हॉलचे मदतनीस अंकल टॅन रोज सकाळी रिकाम्या हॉलचं दार वाजवून मग आत जातात. यांनी चिडवलं, "आतून कोण उघडणार?"

"कुणी उघडलं, तर मी घरी जाणार."

एकाने परीक्षेत हृदय डावीकडे लिहिलं. टेबलावरच्या बाईंचं उजवीकडे होतं.

"सर, पुस्तकात डावीकडेच आहे."

"पुस्तक ह्यांना भेटलेलं नाही. बाईंची माफी माग."

त्याने मागितली. अजूनही तो हॉलपाशी आला की हळू बोलतो.

देहदानाचं कळलं तेव्हा मी चिडले होते. "तुमच्याच विद्यार्थ्यांपुढे?"

"ओळखीचे हात बरे," म्हणाले.

परवा अंकल टॅन आले. यांचा देह आता टेबलावर घेतलाय. चेहरा झाकलेला, मुलं नवी, नाव कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या मुलाने मनगट धरलं आणि सुरी खाली ठेवली. दुसऱ्यानेही. मेलिंग आता तिथेच शिकवते. तिने स्वतः धरलं, अंगठा लांब ठेवून. बराच वेळ. मग "आज नको," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"तुम्ही धरलंत का?" मी विचारलं.

अंकलनी चहा संपवला. "मॅडम, तुम्ही एकदा या."

मी अजून गेलेले नाही.