पंखाखालची मोकळी जागा

आमची विमान कंपनी बंद पडली आणि मी दुसरीकडे नोकरी धरली. परवा नव्या साहेबांनी मला एका जुन्या ओळखीच्या विमानाकडे पाठवलं. विमानतळाच्या कोपऱ्यात ते कधीचं पडून होतं आणि त्याची इंजिनं उतरवायची होती. वर्षानुवर्षं त्याची देखभाल मी आणि साधनाताईंनी केली होती. आता त्याही याच कामाला आल्या होत्या.

टायर बसले होते, खिडक्यांखाली मातीचे ओघळ वाळले होते. दुपारभर खपून आम्ही पहिलं इंजिन सोडवलं. ते खाली आलं आणि पंखाखाली नुसत्या नळ्या आणि वायरी लोंबत राहिल्या.

"हे आता उडायचं नाही ना?" साधनाताईंनी विचारलं. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

"इंजिन उडेल. दुसऱ्या विमानाला लावतील."

विमानं बहुतेक भाड्याचीच असतात. कंपनी बुडाली की मालक त्यातलं चालतं तेवढं काढून नेतो. आमचंही काही वेगळं झालं नाही. आमचे हात चालत होते, ते कुठे ना कुठे कामाला लागले. बाकीचं कुठे राहिलं, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगत बसलो नाही.

परतायची गाडी आली, तरी साधनाताई शिडीवरच होत्या. उघड्या नळ्यांभोवती ताडपत्री गुंडाळत होत्या.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"पक्षी शिरतात हो आत."

मी वर चढून दुसरं टोक धरलं. हात भरून आले होते, पण गाठ आम्ही नीट मारली.