तिसरा हंडा

मावशींच्या हाताखाली बावीस वर्षं एक नळ होता. हाताखाली म्हणजे, नळ नगरपालिकेचा, पाणी धरणाचं आणि हुकूम मावशींचा. चढाच्या गल्लीत सव्वाशे पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना घरं, आणि सगळ्यांत खाली हा एकुलता एक नळ. पाणी यायचं सकाळी सहा ते आठ. त्या दोन तासांत कोणाचा नंबर कितवा हे मावशी ठरवायच्या, तेही वहीबिही न ठेवता. पगार नाही, नेमणूक नाही. पूर्वी नळावर डोकी फुटायची, ती यांच्यामुळे फुटेनाशी झाली, एवढाच काय तो अधिकार.

नियम एकच: माणशी एक हंडा. घरात पाच माणसं असतील तर पाच हंडे. सहावा दिसला की मावशी तो पायाने बाजूला सारायच्या. "पाहुणे आलेत हो मावशी," असं कोणी म्हणालं तर "मग आणा त्यांना इथे, मलाही भेटू देत," हे उत्तर ठरलेलं. तोंडाने अशा फटकळ, पण बाळंतिणीच्या घरचा हंडा स्वतः उचलून पुढे ठेवायच्या, आणि कोणी त्याबद्दल आभार मानायला लागलं की त्याच्यावरच खेकसायच्या.

मावशींचं स्वतःचं घर अगदी माथ्यावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात त्या आणि सासूबाई, त्यामुळे हंडे दोन. दप्तरं शिवून दोघींचं बरं चाललं होतं. आणि एके दिवशी लग्न झालेली लेक एका पिशवीनिशी दारात उभी राहिली. दंडावरचे वळ तिने दाखवले नाहीत, मावशींना ते दिसले. "तू आत जा, हातपाय धू," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिले आठ दिवस मावशींनी "चार दिवस राहायला आलीये" असं सांगितलं. मग "गेली परत" असं सांगून मोकळ्या झाल्या. लेक मागच्या खोलीत बसून दप्तरं शिवायची, बाहेर म्हणून पडायची नाही. आता घोडं अडलं ते हंड्यावर. तिसरा हंडा लावावा तर लेक परत आल्याची दवंडीच पिटल्यासारखं, आणि नियम तर आपणच केलेला! तीन बायकांनी दोन हंड्यांत भागवायचं ठरवलं. पण नशीब असं, की रोज कोणी ना कोणी पाणी गेल्यावर वर चढून येऊन मावशींच्या उंबऱ्यावर एक भरलेला हंडा ठेवून जायचं. आज बेकरीवाल्याची बायको, उद्या सलूनवाल्याची सून. "जास्तीचा भरला गेला, घ्या." मावशींना वाटायचं, ही सगळी नंबरासाठी चाललेली लाडीगोडी. पाणी ठेवून घेताना त्या बजावायच्या, "म्हणून नंबर पुढे मिळायचा नाही हं."

त्याच सुमारास शहराचं पाणी एका खासगी कंपनीने पंचवीस वर्षांच्या कराराने चालवायला घेतलं. जुने पाइप काढून नवे टाकायचे, घरोघर नळ द्यायचा, आणि घातलेला पैसा सावकाश बिलांतून वसूल करायचा. गल्लीत कंपनीची माणसं फॉर्म घेऊन फिरली. घरात माणसं किती, असं त्यांनी दारोदार विचारलं. दोन महिन्यांनी आराखडा आला. त्यात पाइप सत्तराव्या पायरीपाशी थांबत होता. वरची अठरा घरं कोरडी.

मावशी तडक कंपनीच्या ऑफिसात गेल्या. पिवळ्या टोपीचे इंजिनिअर साहेब मान खाली घालून सँडविच खात होते. मावशींनी त्यांना तोंड पुसायलाही सवड दिली नाही. साहेब बिचारे शांत होते. म्हणाले, "बाई, पाणी वर चढवायला वेगळा पंप लागतो. वर एवढी थोडी माणसं राहतात म्हटल्यावर पैसे घालणारे पंपाला तयार होत नाहीत. मी मागून पाहिला." आणि त्यांनी यादी पुढे केली.

मावशींनी ती अक्षर अक्षर लावत वाचली आणि कपाळावर हात मारला. बेकरीवाला: माणसं तीन. "तीन? सात हंडे भरतो हो हा रोज!" सलूनवाला: चार. त्याचे नऊ! माणसं जास्त सांगितली तर बिल जास्त येईल, या हुशारीने सगळ्या गल्लीने आपापली माणसं लपवली होती. साहेब म्हणाले, "अहो, बिल माणसांवर नाही, मीटरवर येणार. येत्या रविवारी मी येतो. सगळ्यांनी खरा आकडा सांगून सही करावी. महिनाअखेर आराखडा पक्का होईल, मग मला काही करता येणार नाही."

मावशी उठल्या, तेवढ्यात यादीच्या शेवटच्या ओळीवर त्यांची नजर गेली. त्यांचंच घर. माणसं: दोन. हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि बिलाच्या भीतीने नव्हे.

रविवारी गल्ली पायऱ्यांवर जमली. साहेबांनी मीटरचं सगळं पुन्हा समजावलं. पण आदल्या खेपेला खोटं बोललो हे चारचौघांत पहिल्यांदा कबूल कोण करणार? बेकरीवाला चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आम्ही तीनच." सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. एरवी त्यांनी त्याची सालटी काढली असती. पण आज? याला खोटारडा म्हणायचं कोणत्या तोंडाने?

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. अठरा घरं, आणि आपल्या गप्प बसण्याने त्यांचं पाणी जाणार. मावशी उभ्या राहिल्या.

"आधी माझं घर लिहा," त्या म्हणाल्या. "तीन माणसं. मी, सासूबाई आणि माझी लेक. ती परत आलीये. आता जायची नाही. मी तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं."

मावशींना वाटलं, आता सगळे हसतील. मग बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "मावशी, आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अहो, चार महिने झाले. तुमचा तिसरा हंडा कुठून येतो असं वाटलं तुम्हाला? बारी लावलीये आम्ही. सोमवार माझा, मंगळवार सलूनवाल्यांचा, बुधवार चांभारकाकांचा. आपापल्या हंड्यांतला एक, जास्तीचा नाही."

"आणि एकदा माझा वार चुकला," चांभारकाका म्हणाले, "तर या बायकांनी मला फाडून खाल्लं."

नळाची बारी बावीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईला एवढी मोठी बारी दिसली नव्हती. आणि रोज उंबऱ्यावर त्या माणसांना आपण काय काय ऐकवलं, ते त्यांना एकेक करून आठवलं. त्या मटकन पायरीवर बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या. लाजेने नव्हे. इतकी वर्षं आपण यांना सांभाळतोय असं त्या धरून चालल्या होत्या.

"आमचे सात लिहा साहेब," बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. मग आकड्यांची झुंबड उडाली. सलूनवाल्याचे नऊ झाले. चांभारकाकांनी "परगावी गेलाय" म्हणून सांगितलेला भाऊ आतून डोळे चोळत बाहेर आला, तेव्हा गल्ली खो खो हसली. साहेब लिहून लिहून दमले. त्या आकड्यांवर त्यांनी वरच्यांशी पुन्हा भांडण मांडलं, आणि पंप मंजूर करून घेतला. नोकरीचा भाग म्हणून केलं, असं ते म्हणायचे. मावशींनी ते काही मानलं नाही. साहेबांना दप्तराच्या कापडाची एक भक्कम पिशवी शिवून दिली.

पुढच्या वर्षी पाइप माथ्यावर पोचला. कंपनीचा कारकून फॉर्म घेऊन मावशींच्या दारात आला. "नळ कोणाच्या नावावर करायचा?"

घर सासूबाईंच्या नावावर होतं. मावशींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन प्रश्न पोचवला. नात परत आल्यापासून म्हातारीने त्याबद्दल बरंवाईट एक अक्षर काढलं नव्हतं, आणि मावशी मनातून तेवढ्याचीच धास्ती घेऊन होत्या.

"माझं नाव कशाला? मी काय आज आहे, उद्या नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं लिही. बिल तिच्या नावाने येऊ दे दर महिन्याला. मग तिला 'कधी जाणार' म्हणून विचारायची कोणाची छाती आहे ते बघते."

लेक मशीनवरून उठून बाहेर आली. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.