लाईट गेल्यावर सोलर चालतो का

पोरगं पुण्याला असतं. गेल्या महिन्यात त्यानं फोनवरनंच ठरवून सोलरवाला घरी पाठवला. बिल येणारच नाही म्हटलं तरी चालतं, सरकार अनुदान देतं, असं पोरगं काय काय सांगत होतं. मी हो म्हणालो नाही, नको पण म्हणालो नाही. बायको गेल्यापासून माझं असंच चाललंय. ताट पुढं आलं की जेवतो.

सोलर आधी तिनंच मागितला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी. दम्यानं बेजार होती. लाईट गेली की पंखा बंद, आणि वर सिमेंटची गच्ची तापलेली. मी पुठ्ठ्यानं वारा घालायचो.

"शेजारच्या मास्तरांनी बसवलाय की सोलर. आपण पण बसवू."

"दोन माणसं, एक पंखा. त्याला कशाला?"

"तुमाला इचारलं हेच चुकलं माझं," म्हणाली आणि कूस बदलली.

परत तिनं विषय काढला नाही. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी, लाईट नसताना, ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मी चौथी शिकलेला, जन्मभर यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस. मी काय समजायचं ते समजलो.

सोलरवाला चाळिशीचा असेल. गच्चीवर टेप लावून त्यानं मापं घेतली. टाकीची सावली पडती, ती सरकवावी लागंल म्हणाला. मी त्याला एकच विचारलं. लाईट गेली तर पंखा चालतो का?

"न्हाय काका. लाईट गेली की ह्यो पण बंद. तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असती."

"भर दुपारी, ऊन असताना पण?"

"ऊन असताना पण."

"मास्तरांचा?"

"त्यांचा पण बंद पडतो. तीनदा सांगितलं की काका!"

म्हणजे मी तेव्हा बसवला असता तरी तिचा पंखा बंदच राहिला असता. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. काहीच वाटलं नाही. मी परत विचारलं,

"आन् पंखा चालूच ठेवायचा असंल तर?"

"बॅटरीवाला सोलर घ्या. पण एका पंख्याला एवढं कशाला? साधा इन्व्हर्टर पुरतो. सात रस्ता चौकात कुठल्याबी दुकानात मिळतो."

मी त्याला चहा पाजून लावून दिला.

सोलरवाला येऊन गेला म्हणून, सोलर परवडतो का, असं आता लोक मला विचारतात. घरात माणसं जास्त असतील, दिवसभर कूलर, मोटार चालत असेल तर बसवा. एकट्या म्हाताऱ्यानं बसवू नये. आणि घरात आजारी माणूस असेल तर आधी इन्व्हर्टर आणा, सोलरचं मग बघा.

त्याच संध्याकाळी पोराला फोन करून सांगितलं होतं, सोलर नको.

"का हो अण्णा? काय म्हणाला तो?"

"टाकीची सावली पडती म्हणाला."

बाकीचं त्याला सांगितलं नाही.