मागं मी हाय

शिरूर कासारला शालेय क्रॉस कंट्रीत मी क्रीडाशिक्षिका म्हणून शेवटच्या वळणावर झेंडी घेऊन उभी होते. शेजारी एक बाई पदर खोचून लेकीची वाट बघत होती. पहिल्या सहाजणी विभागीय स्पर्धेला जाणार होत्या. लेक सातवी होती आणि सारखी मागे वळून बघत होती.

बाई ओरडली, "मागं काय बगतीस गं भवाने? मागं मी हाय! फुडचीला धर!"

पोरगी हसली आणि सुटलीच. सहावी आली.

मी म्हटलं, "ताई, फोटोला थांबा की."

"न्हाई मॅडम. म्हशीला काय सांगू, फोटू काढत हुते?"

तिचं ते ओरडणं मी नंतर माझ्या शाळेतल्या मुलींवर वापरून पाहिलं. शिक्षिकेच्या तोंडून ते तेवढं चालत नाही.