जिन्यातली हवा

बायको रोज संध्याकाळी पुस्तक आणि स्टूल घेऊन जिन्यातल्या खिडकीशी जाऊन बसते. आज शेजारचे काका वर येताना थबकले. "काय वहिनी, भांडण झालं का?"

"छे हो, हवा खायला आलेय," ती म्हणाली आणि खोकली.

घरात बसून मी ऐकत होतो. हे सगळं माझंच कर्तृत्व. हॉल मोठा दिसावा म्हणून मी बाल्कनी आत घेतली. तिच्या कुंड्या गेटपाशी गेल्या आणि त्या जागी भिंतभर प्लॅस्टिकची हिरवी पानं आली. नव्या कपाटांचा वास अजून डोळ्यांना झोंबतो, म्हणून मी जंगलाच्या वासाचा फवारा आणला! काय म्हणावं याला? दारात आलेला वारा घालवायचा, मग त्याची नक्कल दुकानातून आणायची आणि पाहुण्यांना सांगायचं, घर कसं निसर्गरम्य झालंय. ती तेव्हाच म्हणाली होती, "अहो, राहू द्या ना बाल्कनी." मी ऐकलं नाही. पुढे तिचा खोकलाही बदलत्या हवेच्या माथी मारत राहिलो.

आज वैतागून हॉलच्या खिडकीची काच सरकवायला उठलो, तर पुढे नवा सोफा आडवा. एकट्याला हलेना. शेवटी जिन्यात गेलो. "सोफ्याचं एक टोक धरतेस? बाहेर काढायचाय."

तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. "आणि पाहुण्यांना कुठे बसवणार?"

"इथे, जिन्यात."

तिनं पुस्तक मिटलं.