छाप एक, कप्पा एक

लोगोशेठ हे नाव त्याला दुरुस्तीच्या दुकानातल्या सोबत्यांनी ठेवलं. शेठ कसला, दिवसभर लोकांचे प्रिंटर उघडून हात काळे करणारा माणूस! पण केव्हाच बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीचा छाप कुठे दिसला, की त्याचा जीव वरखाली व्हायचा. त्या छापाची टोपी, कप, छत्री, किल्ल्यांची साखळी, जुन्या प्रोग्रॅमची खोकी, सगळं एका कपाटात. दुसऱ्या कंपनीची टाचणीही आत जायची नाही. बायको म्हणायची, "माझ्या कपाळावर तो छाप असता, तर माझ्यावरूनही रोज मऊ फडकं फिरलं असतं."

त्या दुपारी ताईचा फोन आला. तिचा भरतकामाचा छोटा कारखाना होता, गणवेशांच्या खिशांवर शाळेची चिन्हं भरून द्यायचा. मशीन जुनं आणि त्याला नक्षी पाठवणारा कॉम्प्युटर त्याहून जुना, याच कंपनीचा.

"अरे, कॉम्प्युटरची डिस्क गेली. नवी बसवली, पण ती कोरी आहे. तुझ्याकडच्या माझ्या प्रोग्रॅमच्या तिन्ही फ्लॉप्या घेऊन ये. उद्या माल दिला नाही तर शाळा काम काढून घेईल. मग मशीनवरच्या दोघींना काय सांगू?"

"आणतो. अगदी जपून ठेवल्यात," तो म्हणाला.

त्याने कपाट उघडलं. या फ्लॉप्या त्यानेच मागून आणल्या होत्या. "तुझ्याकडे धूळ, तेल, धागे. माझ्याकडे सुरक्षित राहतील," असं म्हणून. ताईने दिल्याही होत्या. आणि आता त्यांच्या खोक्याला खेटून त्याच छापाचे दोन जाडजूड स्पीकर उभे होते, कित्येक वर्षं. स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतं, त्याच्याजवळ फ्लॉपी ठेवली तर आतलं सगळं पुसलं जातं, हे तो गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगायचा. पण छाप एक, म्हणून कप्पा एक. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

बसमध्ये शेजारी चुंबकाच्या बटणाची पर्स घेऊन एक बाई बसली, तसा तो खोकं छातीशी धरून उठून उभा राहिला. आता जपून काय उपयोग, हे कळत होतं, तरी उभाच राहिला.

कारखान्यात मशीन गप्प होतं. ताई आणि दोघी कारागीर बाया त्याच्या हाताकडे बघत होत्या. पहिली फ्लॉपी चालली. दुसरीही चालली. त्याला जरा हायसं वाटलं. तिसरी आत गेली आणि करकर करू लागली. वाचता येत नाही, असं पडद्यावर उमटलं. त्याने काढली, पुसली, पुन्हा घातली. तेच.

"ताई," तो म्हणाला. "मी त्या स्पीकरशेजारी ठेवल्या होत्या. माझीच चूक आहे. मला माहीत असून..."

ताईने थोरल्या कारागिणीकडे पाहिलं. ती उठली, बटणांच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली फडक्यात गुंडाळलेली फ्लॉपी त्याच्यापुढे धरली. छाप नाही, काही नाही. पेनाने लिहिलेला नुसता तीनचा आकडा.

"तू न्यायच्या आदल्या दिवशी हिने तिन्हींची कॉपी काढली होती," ताई म्हणाली.

"मग मला फोन कशाला केलास?"

"तुझ्या चालल्या असत्या, तर हा डबा तुझ्यासमोर उघडावा लागला नसता. तू म्हणाला होतास, बिनछापाची नक्कल इथे दिसली तर या दारात पाय ठेवणार नाही." ताईने पदराने कपाळ पुसलं. "फ्लॉपी गेली असती तर चाललं असतं रे. भाऊ गेला असता तर?"

त्याने ती फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली, आणि थोड्या वेळाने मशीनच्या सुया खाडखाड चालू झाल्या. धाकट्या कारागिणीने पुढचा कपडा ताणून बसवला.

"तुझी तिसरी खराब झाली ना," निघताना ताई म्हणाली. "या फ्लॉपीची एक कॉपी काढून देऊ? कपाटात ठेवायला?"

"काढ," तो म्हणाला. "पण माझ्याकडे देऊ नकोस. तुझ्या डब्यातच असू दे."