पोळ्याच्या दिवशीची वजनं

टेपकाकांशी बोलताना मध्येच एखादी गाय ढेकर द्यायची आणि काका वाक्य अर्धं टाकून तिच्याकडे वळायचे. "घ्या! गेला बघा मिथेन वर," असं कौतुकानं म्हणायचे, नातवानं पाढा म्हणून दाखवल्यासारखे. कुणी हसत गाईच्या शेपटीकडे बोट दाखवलं, की भडकायचे. "मागून नाय रे येड्या, पुढून! तोंडातून! पीएच.डी. चाललीय त्याच्यावर!" पीएच.डी. माझी होती, पण काकांच्या गावात, अख्ख्या पिशोरात, ती काकांचीच समजली जायची.

मी तेव्हा संभाजीनगरला संशोधन करत होते. भारत आणि ब्राझील, या दोन देशांतल्या गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन गेल्या काही दशकांत किती वाढला-घटला, हा विषय. गंगापूरला आमच्या घरी तो ऐकून आईनं कपाळाला हात लावला होता. मिथेन किती, हे जनावर किती खातं यावर ठरतं, आणि खाणं वजनावर. आपल्या जुन्या काळच्या बैलांची खरी मोजलेली वजनं मला हवी होती, नमुन्याला एका तालुक्याची तरी. ती कुठल्याच कचेरीत मिळेनात. मिळाली ती गुरांच्या दवाखान्यातून मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाच्या ट्रंकेत. छातीचा घेर, अंगाची लांबी, त्यावरून वजन. वह्याच्या वह्या! कुणी सांगितलं नव्हतं, पगार वाढणार नव्हता. निव्वळ हौस म्हणून हा बाबा दरवर्षी टेप घेऊन मोजत सुटायचा, म्हणूनच टेपकाका.

आपले गीर बैल पूर्वी बोटीनं ब्राझीलला गेले, तिथल्या कळपांत त्यांचंच रक्त आहे, हे सांगितल्यावर काका मांडी ठोकून हसले. "म्हंजी दोन्हीकडं आपलीच ढोरं!" तरी बाजू कुठली घ्यायची ते पक्कं होतं. ब्राझीलची रेघ चढत गेलेली आणि आपली हळूहळू उतरलेली, असा आलेख मी छापून दिला. तो त्यांनी गावातल्या चहाच्या हॉटेलात चिकटवला आणि दिसेल त्याला धरून दाखवू लागले. "शेतकऱ्याला नावं ठेवतेत लई. बघा, आपली रेघ खाली हाय!"

प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. तक्त्यात एक रकाना रिकामा होता, म्हणून मी सहज विचारलं, "काका, मापं कुठल्या महिन्यात घ्यायचात?"

"श्रावणात. पोळ्याला. सगळे बैल आयते एका जागी गावतेत ना."

बोलले आणि उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरी, घोटाळा झाला. पोळ्याचा बैल म्हंजी नवरदेव. महिनाभर सरकी-पेंड चारून उभा केलेला. वैशाखात बघ त्याच्याकडं, बरगड्या मोजता येतेत."

मी तक्ता पुन्हा उघडला. अलीकडची वजनं वर्षभर मोजलेली, जुनी मात्र सगळी पोळ्याची. म्हणजे जुना मिथेन उगाच फुगलेला, आणि म्हणूनच आपली रेघ उतरती दिसत होती. इकडे शिष्यवृत्ती संपत आलेली, घरी स्थळं बघणं चालू. "कोण विचारतंय, काका? परीक्षकांना पोळा माहीत तरी असेल का?" आज लाज वाटते, पण म्हणाले मी असं.

"त्यांना नसंल. मला हाय की," काका म्हणाले. "इच्यारलं नाय म्हणून खरं होतं व्हय?"

आठ दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी हे महाशय पहिल्या एसटीनं विभागाच्या दारात हजर! "वैशाख लागतोय. आता बैल मोजू, तेच पुन्हा पोळ्याला मोजू. फरक निघंल तेवढा मागल्या वजनांतनं कापू." गेलं माझं वर्ष. सत्तरी ओलांडलेला हा माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून भर उन्हात वस्त्यावस्त्यांवर हिंडला, बैलांच्या लाथा खाल्ल्या, आणि मला मात्र सावलीत बसवून आकडे लिहायला लावले. सगळं नव्यानं मांडलं तेव्हा आपलीही रेघ चढली. ब्राझीलइतकी नाही, पण चढली. हॉटेलातला जुना कागद काकांनी स्वतः फाडला आणि तिथंच नवा लावला.

तोंडी परीक्षेला ते इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. परीक्षकांनी विचारलं, "जुनी वजनं चुकलीत हे कळलं कसं?" मी शब्द जुळवेपर्यंत काका उभे. "चूक माझी हाय, साहेब. पोरीची नाय." आणि सगळं सांगितलं, जराही न चाचरता. परीक्षक हसून म्हणाले, "बोलला नसतात, तर देशाची रेघ खालीच राहिली असती."

"राहिली असती," काका म्हणाले. "पर ती आपली नव्हती, साहेब."

इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही कधी वाटला नाही.

शेवटची प्रत छापण्याआधी त्यांनी एकच मागितलं. "त्या चुकीची हकीकत जिथं लिवलीस, तिथं माझं नाव घाल. बापाच्या नावासकट."

"आभारांत आहे की तुमचं नाव!"

"ते ऱ्हाऊ दे. पर चूक कुणाची ते लिव. नायतर लोक तुझी म्हणतील."

मी लिहिलं. काका मागच्या मार्गशीर्षात गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी माझ्या प्रबंधाची प्रत आणून पुढ्यात ठेवली. आभारांचं पान कोरं करकरीत होतं. त्या चुकीची हकीकत असलेलं पान मात्र हाताळून हाताळून मऊ झालेलं, कडा काळवंडलेल्या.

"घरात कुणीबी आलं की हेच पान काढायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, बघा, माझं नाव छापलंय."